फाटकाशी थांबलेल्या बाया

आमच्या कोहक्याहून स्कूटीवर निघालं की दुर्ग ओलांडून, बोरसी मागे टाकून, शेतं लागायची. शेतं संपता संपता शिवनाथ नदीच्या काठाला ती कोठी दिसायची. दुमजली, चुन्याची, खांबांना हिरवा रंग. गावातले लोक तिला अजून बाडाच, म्हणजे वाडाच, म्हणत. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, जाऊन किती तरी वर्षं झाली होती, पण नाव सुटलं नव्हतं. फाटकावर मात्र संग्रहालयाची पाटी होती आणि खाली लहान अक्षरांत लिहिलेलं होतं, सोमवारी बंद.

मी तिथं नोकरीला लागले तेव्हा माझे दिवस चांगले नव्हते. नवरा गेला होता. ज्या खाजगी शाळेत इतिहास शिकवत होते ती बंद पडली होती आणि मी वडिलांच्या घरी परत आले होते. वडील चरोद्याच्या रेल्वे यार्डात गार्ड होते, तिथूनच रिटायर झाले. कोठीच्या मालकीणबाईंना पाहुण्यांना वस्तू दाखवणारं आणि वस्तूंपुढच्या चिठ्ठ्या नीट लिहिणारं कोणी तरी हवं होतं. मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "मालगुजाराच्या घरी? आपला आजा भंडाऱ्याकडं अशाच एका घरच्या ओसरीवर चढू शकत नव्हता."

"आता तिकीट काढून कोणीही चढते, बाबा," मी म्हटलं.

"मंग जा," ते म्हणाले. "पण खाली मान घालून नको राहू."

पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्यासाठी चहा मागवला. तो त्यांच्या कपासारख्याच कपात आला. मी ते पाहिलं, आणि आपण ते पाहिलं याचंच मला वाईट वाटलं. पुढे काही महिन्यांनी त्यांनी मला मॅडम म्हणणं बंद करायला लावलं. काकू म्हण, म्हणाल्या. तशी त्यांना काकू म्हणणारं त्या घरात कोणी उरलं नव्हतं.

त्या नागपूरकडच्या. लग्न होऊन लहान वयात या कोठीत आल्या. यजमान लवकर वारले. एकच मुलगा होता, स्टील प्लांटमध्ये इंजिनियर झाला, आणि एका संध्याकाळी ड्युटीवरून परतताना हायवेवर ट्रकखाली गेला. संग्रहालय त्यानंतरचं. सासऱ्यांना जुन्या वस्तूंचा नाद होता. तलवारी, काशाच्या समया, एक पालखी, घरातल्या पुरुषांची तैलचित्रं, गोंड बायकांचे चांदीचे दागिने, आणि शेतांत, तळ्यांत निघालेल्या दगडी मूर्ती. हे सगळं खोल्याखोल्यांत पडून होतं. काकूंनी ते धुऊन, पुसून मांडलं. लोक विचारत, हे कशासाठी केलं. एकदा त्यांनी मला खरं सांगितलं. "या घरात माणूस येईना गं. म्हटलं, तिकीट काढून तरी येऊ देत."

तशी फार माणसं येत नसत. रविवारी प्लांटच्या सेक्टरमधली कुटुंबं यायची, मुलं पालखीत बसायला मागायची. कधी एखाद्या शाळेची सहल यायची. बाकीचे दिवस मी खोल्यांतून फडका घेऊन फिरायची. मागच्या बाजूला एक लांबट खोली होती, पूर्वी तिथं धान्य साठवत. तिथं मूर्ती ठेवल्या होत्या. मधोमध एक देवी. कंबरेएवढी उंच, काळसर दगडाची, एक हात तुटलेला, नाक झिजलेलं. समोर दोरी बांधलेली. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, 'देवी, पाषाण, अंदाजे अकरावे शतक.' ती चिठ्ठी माझ्याच अक्षरातली.

चैत्रातल्या नवरात्रात पहिल्यांदा त्या बाया आल्या. नदीपलीकडच्या गावातल्या, सात-आठ जणी. फाटकाशीच चपला काढल्या. चौकीदार म्हणाला, आत चपला चालतात, तरी त्या अनवाणीच आल्या. तिकिटं काढली, पण तलवारी, पालखी, कशाकडेही पाहिलं नाही. सरळ मागच्या खोलीत. सगळ्यांत पुढे एक म्हातारी होती, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं, पाठ ताठ. दोरीशी येऊन ती थांबली. मी नेहमीसारखं म्हटलं, हात लावू नका. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "हमर दाई ला देखे बर आए हन."

आमच्या आईला बघायला आलो आहोत.

मग त्यांनी हळू आवाजात गायला सुरुवात केली. जोरात गायची परवानगी असेल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं. मी दाराशी उभी राहिले. आमच्या घरात मूर्तिपूजा नाही. बावीस प्रतिज्ञा मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहेत. त्या देवीपुढे माझा हात कधी जोडला गेला नाही, आजही जाणार नाही. पण ज्या दगडावरची धूळ मी रोज झटकत होते त्याच्याशी कोणी असं बोलताना मी पाहिलं नव्हतं. जाताना त्या दोरीखालून फरशीवर मूठभर तांदूळ ठेवून गेल्या.

कुवारात, म्हणजे आश्विनातल्या नवरात्रात, परत आल्या. पुढच्या चैत्रात परत. त्या खेपेला बाकीच्या बाहेर गेल्यावर म्हातारी मागे राहिली आणि तिनं मला विचारलं, हिला घरी कधी पाठवणार. माझ्या हातात असल्यासारखं विचारलं. तिनं सांगितलं ते असं. देवी त्यांच्या तळ्याच्या पाळीवर, लिंबाखाली होती. एका वादळात झाड पडलं. मालगुजाराची माणसं आली आणि म्हणाली, जागा नीट होईपर्यंत मूर्ती बाड्यात सुरक्षित राहील. जागा नीट झाली. मूर्ती आली नाही. तेव्हा ती म्हातारी परकरातली पोर होती. आईच्या मागं मागं चालत बाड्याच्या फाटकापर्यंत आली होती, एवढं तिला आठवत होतं.

मी काकूंना जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. कारणंही दिली, आणि ती खोटी नव्हती. मूर्तीची सरकारदरबारी नोंद आहे. आसपासच्या गावांतून मूर्ती चोरीला गेल्या आहेत, उघड्यावरची एकही टिकलेली नाही. त्या लोकांनी तेल-शेंदूर लावला की दगड खराब होतो. इथं ती निदान आहे.

घरी आल्यावर मला जेवण जाईना. वडिलांनी कारण विचारलं, मी सांगितलं.

"आपल्याले देवीचं काय करायचं आहे?" ते म्हणाले.

"देवीचं नाही, बाबा. बायांचं म्हणून राहिली मी."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मंग मले कावून सांगतेस? तिले सांग."

मी सांगितलं. एकदा नाही, त्या उन्हाळ्यात पुष्कळदा सांगितलं. काकू कधी चिडल्या नाहीत. विषय बदलायच्या, किंवा एखादी चिठ्ठी पुन्हा लिहायला द्यायच्या.

त्या वर्षी नदीला मोठा पूर आला. पाणी बागेपर्यंत चढलं, रस्ता बंद झाला, पाहुण्यांचा प्रश्नच नव्हता. पाणी उतरायची वाट पाहत मी कोठीतच अडकले होते. दुपारी आम्ही दोघी वरच्या व्हरांड्यात बसलो होतो. खाली सगळं मातकट पाणी, त्यात फाटकाचे फक्त वरचे भाले दिसत होते. काकू तिकडेच बघत होत्या. मी काही विचारलं नव्हतं. त्या आपणच बोलायला लागल्या.

"ती आणली तेव्हा मी इथंच उभी होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बैलगाडीत गवत घालून, त्याच्यावर आडवी निजवलेली. आणि गाडीच्या मागं बाया. गात नव्हत्या, रडत नव्हत्या, नुसत्या चालत होत्या. फाटकापर्यंत आल्या आणि थांबल्या. आत यायची त्यांची टाप नव्हती. गाडी आत आली, फाटक लावलं. त्या दिवस मावळेपर्यंत तिथंच उभ्या होत्या."

मी म्हटलं, "तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कोणाशी? मी सून होते." मग फाटकाकडे बघतच म्हणाल्या, "मी तेव्हाही वरूनच पाहिलं. आताही त्या येतात तेव्हा वरूनच पाहते. खाली येत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल."

माझ्या लक्षात आलं होतं.

पाणी ओसरल्यावर त्यांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, की गावाला म्हणावं, देवीसाठी खोली बांधा. पक्की, लोखंडी दाराची, कुलूप लागणारी. मग न्या.

गावानं खोली बांधली. विटा कोणी, सिमेंट कोणी, मजुरी सगळ्यांची. कागदोपत्री परवानगीला मात्र फार वेळ लागला, ऑफिसांत मीच खेटे घातले. अखेर परवानगी आली, आणि चैत्र लागायच्या आधी गावचा ट्रॅक्टर ट्रॉलीला आंब्याची पानं बांधून फाटकाशी येऊन उभा राहिला. मांदराचा ढोल वाजत होता. गावातल्या सगळ्या बाया होत्या. त्या दिवशी काकू खाली आल्या. काठी टेकत मागच्या खोलीत गेल्या, दोरी सोडवली, माझी चिठ्ठी उचलून पदराखाली धरली. म्हातारी समोर आली. दोघींच्या वयात फार अंतर नसावं. काकूंनी हात जोडले, तिनंही जोडले. 

मी ट्रॉलीमागून गावापर्यंत गेले. तिथं पोचल्यावर त्यांनी देवीवर घागरीच्या घागरी पाणी ओतलं, हळद लावली, शेंदूर लावला, तेल चोळलं. आमच्याकडे जे जे करायला बंदी होती ते सगळं केलं. दगड काळाभोर झाला, ओला झाला, आणि चेहरा असा दिसायला लागला की मला वाटलं, मी हिला इतकी वर्षं नीट पाहिलंच नव्हतं. म्हातारीनं तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललंच नाही. म्हातारीच्या मुलाकडे दाराची किल्ली दिली गेली. तिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्यानं किल्ली करदोड्याला बांधली.

इथवरच असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

त्या मिरवणुकीला एक वार्ताहर आला होता. दुसऱ्या दिवशी बातमी आली, फोटोसकट. मूर्ती हजार वर्षं जुनी आहे हे छापलं, आणि बाजारात तिची किंमत करोडोंत आहे हेही छापलं. किंमत त्याला कोणी सांगितली होती, कोण जाणे. आम्ही सांगितली नव्हती. काकूंनी पेपर घडी घालून ठेवला. त्यानंतर मी गावाकडून आले की त्या हमखास विचारायच्या, "दार लावतात ना?" मी म्हणायची, लावतात.

धान कापायच्या दिवसांत, गाव शेतावर असताना, एका सकाळी म्हातारी आणि दोन बाया कोठीच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. चौकीदारानं मला बोलावलं. त्या चालत आल्या होत्या, पाय धुळीनं भरलेले.  म्हातारीबरोबरच्या एकीनं सांगितलं, कुलूप नाही, दाराचे कोयंडेच कापले. आत शेंदराचं वर्तुळ राहिलंय, बाकी काही नाही.

त्या तक्रार घेऊन आल्या नव्हत्या. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की ती परत इथं तर आली नाही ना. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. रिकामी जागा दाखवली. त्यांनी ती पाहिली आणि परत जाऊन पायऱ्यांवर बसल्या.

पोलिसांनी चौकशी केली. मी काढलेले मूर्तीचे फोटो त्यांना दिले. चार चाकांच्या खुणा रस्त्यापर्यंत होत्या, पुढे डांबर. माल कधीच बाहेर गेला असेल, असं तिथला एक शिपाई मला म्हणाला. पण कोणाला तरी धरायला हवं होतं, आणि किल्ली म्हातारीच्या मुलाकडे होती. किल्लीचा काही संबंध नव्हता, दार कापलेलं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी त्याला नेलं. सोडलं तेव्हा त्याला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. गावात कोणी त्याला चोर म्हणालं नाही, पण त्याच्या घराकडचं येणं-जाणं कमी झालं. थंडी पडायच्या आत तो बायकोला घेऊन वीटभट्टीवर कामाला निघून गेला. कुठल्या राज्यात, हे म्हातारीला धड सांगता येत नव्हतं.

मी काकूंच्या तोंडून एक वाक्य ऐकायची वाट पाहत होते. "मी सांगत होते ना." ते त्या कधीच म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. त्या फक्त खाली यायच्या बंद झाल्या. जेवण वर नेऊन दिलं तर अर्धं परत यायचं. एकदा ताट उचलायला गेले तर म्हणाल्या, "बस जरा." मी बसले.

"तू खरं तेच बोलत होतीस," त्या म्हणाल्या. "मीही दिली ते बरोबरच केलं. आणि ती गेली. आता या तिन्ही गोष्टी मी कुठं ठेवू, ते मला कळत नाही."

मी ताट उचलून खाली आले. त्या दिवशी घरी आल्यावर मला रडू आलं. वडील जवळ येऊन बसले. देवीवरून मी रडते आहे याचा त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "त्या पोराचं वाईट झालं," आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला काकूंनी संग्रहालय बंद करायचं ठरवलं. वस्तू सरकारी संग्रहालयाला दिल्या. पेट्या भरायचं काम माझंच. तलवारी, समया, दागिने कापसात गुंडाळून ठेवले. पालखी दारातून निघेना, तिचे दांडे काढावे लागले. काकूंची भाची नागपूरहून त्यांना न्यायला येणार होती. निघायच्या आधी त्या म्हणाल्या, मला त्या गावाला ने.

भाड्याची गाडी केली. इतकी वर्षं नदीअलीकडे राहून त्या पलीकडच्या गावात कधी गेल्या नव्हत्या. खोलीचं दार तसंच कापलेलं, टेकवून ठेवलेलं. आत गावानं नदीतला एक गोटा आणून ठेवला होता, शेंदूर लावलेला. फुलं ताजी होती. काकूंनी दाराशी चपला काढल्या आणि आत न जाता उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. कोणी तरी म्हातारीला बोलावून आणलं. ती आता काठीनं चालत होती. तिनं काकूंना हाताला धरून ओट्यावर बसवलं, स्वतः शेजारी बसली.

काकूंना छत्तीसगढी समजायची, पण त्या बोलत नसत. त्या दिवशी मोडकंतोडकं बोलल्या. दाईला मी नीट सांभाळू शकले नाही, असं काहीसं. म्हातारीनं मान हलवली. ती देवीबद्दल बोललीच नाही. तिनं विचारलं, तुमच्या ओळखीचं कोणी मोठं माणूस आहे का, जे भट्टीच्या मालकाला सांगून माझ्या मुलाला परत आणेल.

बाड्याच्या बाईकडे अजून तेवढी ताकद असेल, असं तिला वाटत होतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.  मग त्यांनीच सांगितलं, की नाही, आता माझ्या ओळखीचं कोणी उरलं नाही. म्हातारी बरं म्हणाली आणि आम्हाला चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही.

काकू नागपूरला गेल्या. वर्षभरानं भाचीचा फोन आला, झोपेतच गेल्या म्हणाली. मी जायला निघाले तोवर सगळं आटोपलं होतं. कोठी कोणी तरी विकत घेतली आहे. लग्नाच्या सीझनमध्ये तिथं लायटिंग असते, फाटकाशी गाड्या लागतात, आतून बँडचा आवाज येतो. मी तिकडून जायचं टाळते. घरीच शिकवण्या घेते, वडिलांचं बघते.

म्हातारीला मात्र भेटून येते, जमेल तेव्हा. मागे गेले तेव्हा तिनं कनवटीतून एक चुरगाळलेला कागद काढला. गावचा कोणी भट्टीवरून परत आला होता, त्यानं मुलाचा नंबर आणला होता. तिच्याकडे फोन नाही. मी माझ्यावरून लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग आवाज आला.  म्हातारी दोन्ही हातांनी फोन धरून नुसती ऐकत राहिली. पलीकडचा पुन्हा पुन्हा कोण आहे विचारत होता. त्याला एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून मी तिला खूण केली, मोठ्यानं बोल.

तिनं विचारलं, "भात खाए हस?"

जेवलास का.

त्याचं उत्तर मला ऐकू आलं नाही. तिनं फोन कानापासून काढून माझ्याकडे दिला तेव्हा तो बंद झालेला होता. काय म्हणाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, हो म्हणाला. आणि आतून माझ्यासाठी पाणी आणायला उठली.